वकिलिणीचं बिऱ्हाड

"आई, आता तरी लाव वं कूलर. जीव जाऊन राहिला."

दामिनीनं हे सकाळपासून कितव्यांदा म्हटलं, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. मे महिन्यातली अकोल्याची दुपार. डोक्यावरचा पंखा गरगरत होता, पण त्याचा वारा तापल्या तव्यावरून आल्यासारखा अंगाला लागत होता. पलंगावर धुवट लुगड्याच्या घडीवर तान्ही निजली होती. तिच्या मानेला आणि काखेत घामोळ्यांनी लाल पट्टे उठले होते.

"सव्वा महिना होऊ दे," जयवंताबाई दारातून म्हणाल्या. "बाळंतिणीनं कूलरची हवा घेऊ नये. अंगात वात भरते. मंग म्हातारपनी हाडं बोलतात."

बोलताना त्यांचे डोळे लेकीकडे नव्हते. पलंगामागच्या खिडकीला बाहेरून कूलर बसवलेला होता आणि त्याच्या वर उरलेल्या फटीतून मागचं आंगण दिसत होतं. कपडे वाळत घालायच्या तारेवर एक राखाडी पाखरीण बसली होती. तिच्या चोचीत हिरवी अळी वळवळत होती. ती आत शिरायची संधी पाहत होती. खोलीत आवाज चढला की ती तारेवरच थांबायची.

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "लेकरू उठंल."

दामिनीचा आवाज उतरला. पाखरीण तारेवरून सुटली, कूलरच्या मागच्या पत्र्याच्या वाकलेल्या पट्टीतून आत गेली, आणि आतून बारीक चिरचिर ऐकू आली. दामिनीला वाटलं, कुठंतरी रातकिडा आहे. जयवंताबाईंनी मात्र श्वास सोडला.

कूलरमध्ये पिल्लं होती. आणि हे त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

जयवंताबाई गावंडे माहेरच्या पातूरकडच्या. लग्न करून अकोल्यात आल्या तेव्हा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. डाबकी रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे आंगण एवढं घर त्यानं हळूहळू उभं केलं. समोरच्या खोलीवर टिनपत्रे. तिथं उन्हाळ्यात मांजरही टेकत नाही. नवरा गेला, दामिनी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि बाईंना शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तेवढं उरलं. उन्हाळ्यात तेही नाही. दिवस संपता संपायचा नाही आणि घरात भांडं पडल्याशिवाय आवाज व्हायचा नाही.

अशाच एका उन्हाळ्यात मागच्या पायरीवर बसल्या असताना त्यांना खिडकीच्या गजावर एक कुंभारीण माशी दिसली. मोरीच्या तोंडाशी कायम ओल असायची. तिथून चिखलाची गोळी आणून माशी गजावर मडकं घडवत होती. इवलंसं, पण गळा काढलेला, काठ बाहेर वळवलेला. बाईंनी उठून आपल्या माठाचा काठ पाहिला आणि परत येऊन बसल्या. माशीनं मडक्यात अळ्या भरल्या, तोंड लिंपलं आणि निघून गेली ती गेलीच. बाई मात्र रोज बघत राहिल्या. एका सकाळी मडक्याला आतून भोक पडलं आणि नवी माशी पंख पुसत बाहेर आली. हे कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून त्यांनी पुण्याला फोन लावला.

"हे सांगायले फोन केला तू?" दामिनी हसली होती. पण दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "आज काय करून राहिली तुही कुंभारीण?"

तेव्हापासून मायलेकींचं रोजचं बोलणं आंगणातूनच सुरू व्हायचं. लिंबाच्या रोपावरच्या अळ्या बाई आधी चपलेनं चिरडायच्या. एकदा एक राहू दिली आणि तिचं फुलपाखरू झालेलं पाहिलं, तेव्हापासून चिरडणं बंद झालं. शेवग्याच्या वाळल्या खोडात, एका भोकात, दयाळ पक्ष्याचं जोडपं राहायला आलं. नर वरून काळा कुळकुळीत, पोटाला पांढराशुभ्र, शेपूट वर करून ऐटीत चालणारा. बाईंनी त्याचं नाव वकीलसाहेब ठेवलं. मादी राखाडी, ती वकिलीण. पहाटे वकीलसाहेब तारेवर बसून अशी लांबलचक शीळ घालायचे की बाईंना उठावंच लागायचं. नवरा गेल्यानंतरच्या वर्षात अंथरुणातून उठायचं दुसरं काही कारण त्यांच्याकडे नव्हतं. हे त्यांनी दामिनीला कधी सांगितलं नाही.

यंदा दामिनी पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून घर नटलं. लेकराची मालिश करणाऱ्या माणिकबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "गॅसवरचं पानी चालनार नाही. बाळंतिणीची न्हाणी चुल्यावरच्या पान्यानं." चुला मांडायला आडोशाची जागा आंगणात एकच होती, शेवग्याच्या खोडापाशी. बाईंनी माणूस बोलावून खोड तोडलं. कुऱ्हाड पडत होती तेव्हा वकीलसाहेब तारेवर बसून चर्र चर्र ओरडत होते. भोक रिकामं होतं, अंडी नव्हती, एवढं पाहूनच बाईंनी तोडू दिलं होतं. तरी त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दर वर्षी पाडव्याच्या आसपास त्या कूलरचं जुनं गवत काढून नवं भरायच्या. यंदा दामिनीचे दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, दवाखान्याची धावपळ झाली आणि गवत तसंच राहिलं. कूलरच्या मागच्या पत्र्यात पट्ट्या आणि आतली जाळी यांच्यामध्ये ते भरलेलं असतं. वर्षभरात ते खाली बसतं आणि वर हातभर पोकळी राहते. दामिनीसाठी डबा करायला बाई दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा वकिलीण चोचीत काडी घेऊन त्या पोकळीत शिरताना दिसली. दुसऱ्या खेपेला मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर निळसर अंडी. बाईंनी तिथल्या तिथं कूलरचा प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली.

जागा आपणच मोडली होती. आता ही दुसरी मोडायला हात धजेना. लेकरू वेळेआधी आलेलं, दवाखान्यात बरेच दिवस ठेवतील, दामिनी घरी येईस्तोवर पिल्लं उडून जातील, असा त्यांनी हिशोब केला. तो चुकला. दामिनी आली, अंडी फुटली, आणि ऊन असं तापलं की आंगणातल्या बादलीत हात घालवेना. मागचा पत्राच काढून दुसरीकडे ठेवावा, हे त्यांच्या मनात रोज येई. पण लहानपणापासून ऐकलेलं, माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लं टाकून देतं. म्हणून त्यांनी पत्र्याला हात लावला नाही. मुंगळ्यांची रांग कूलरच्या लोखंडी घोडीवर चढताना दिसली तेव्हा घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आणि लेकीला सांगितलं, सव्वा महिना कूलरची हवा नको.

दामिनीनं ते मानलं. आईनं रीत सांगितली म्हणजे असेल, असं तिला वाटलं. हेच बाईंना सगळ्यात जास्त टोचायचं.

माणिकबाईंना मात्र पटलं नव्हतं. सकाळी पायांवर लेकरू घेऊन तेल जिरवता जिरवता त्या म्हणाल्या, "जयवंते, कूलर लावू नये, हे कोनी सांगतलं तुले?"

"रीतच हाये."

"कोन्या गावची? आमच्या वख्ती कूलर होते कुठं? आमी शेनानं सारवलेल्या मातीच्या घरात निजलो. हे तुहं सिमेंट म्हंजे भट्टी हाये भट्टी. पाह्य पोट्टीची पाठ, शिजून राहिली."

"माणिकबाई, तुमी मालिश करा ना."

"करून तं राहिली. हातानं मालिश, तोंडानं बोलनं. तोंडाचे पैसे मी घेत नाही," माणिकबाई म्हणाल्या. दामिनी हसली. जयवंताबाईंना हसता आलं नाही.

जावई सागर चांदूर रेल्वे गावचा, नोकरीला पुण्यात. तो रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा. "आई, कूलरची मोटर गेली का? मिस्त्री पाठवू? माझा दोस्त हाये अकोल्यात."

"नाही बापू, मोटर चांगली हाये. रीत हाये आमच्याकडं."

"आमच्या चांदूरले अशी रीत कधी आयकली नाही."

"तुमच्याकडं नसंल," बाई म्हणाल्या, आणि भाजी करपते म्हणून उठून गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

आज मात्र दुपार वेगळीच उतरत होती. वारा पडला होता. लिंबाची पानं सुद्धा हलत नव्हती. बाईंनी खिडकीला ओली चादर लावली, फरशीवर पाणी मारलं. ते पाणी बघता बघता सुकलं. नळ येऊन बरेच दिवस झाले होते, ड्रमचा तळ दिसत होता.

"आई." दामिनीचा आवाज बदललेला होता. "हिनं सकाळपासून दूध ओढलं नाही नीट. पाह्य इकडं."

बाईंनी लेकराला उचललं. कपाळ, पोट, तळपाय, सगळं सणसणून तापलेलं. हाताच्या मुठी ढिल्या. सकाळी भुकेनं टाहो फोडणारी पोर आता ओठ हलवत होती आणि आवाज फुटत नव्हता. दुपट्याला हात लावला तर कोरडं. केव्हापासून कोरडं होतं, ते दोघींपैकी कोणालाच सांगता येईना.

"अंग पुसून घे ओल्या फडक्यानं. मी ऑटो आनते," बाई म्हणाल्या आणि चप्पल न घालताच रस्त्यावर धावल्या. तळपाय भाजले ते त्यांना दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम जेवायला उठत होत्या, त्या तशाच परत बसल्या. त्यांनी लेकराची टाळू दाबून पाहिली, ताप मोजला, छातीला नळी लावली. भिंतीवरच्या एसीचा थंड झोत बाईंच्या घामेजल्या पाठीवर आला आणि त्यांना आणखीच अपराध्यासारखं झालं.

"घरात बाळ कुठं असतं? खोली थंड नाही का? कूलर वगैरे?"

"कूलर हाये," दामिनी म्हणाली. "पण सव्वा महिना लावायचा नसते. आई म्हणते."

डॉक्टर मॅडमनी नळी टेबलावर ठेवली. "अहो आजी, कोणत्या जमान्यात राहता तुम्ही? बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. या रीती पाळता पाळता एखाद्या दिवशी हातचं लेकरू जाईल, कळतंय का?"

बाईंनी मान खाली घातली. खाली घालूनच ठेवली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं. एक अडाणी म्हातारी, तिची एक जुनी रीत. डॉक्टर रागावल्या, लेक थोडी रुसली, संध्याकाळी कूलर लागला, एवढंच झालं असतं. पण दामिनी डॉक्टरांना म्हणाली, "तिला नका बोलू मॅडम. तिनं माझ्याच भल्यासाठी सांगितलं."

हे बाईंना सोसलं नाही.

"रीत नाही ते," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलली. कूलरमधी पाखराची पिल्लं हायेत."

दामिनी आईकडे बघत राहिली. तिला शब्द कळले होते, अर्थ लागत नव्हता.

डॉक्टर मॅडमनी लेकराला तिथंच मागच्या खोलीत ठेवून घेतलं, दामिनीला पुन्हा पुन्हा पाजायला लावलं, काढलेलं दूध चमच्यानं दिलं. तास मोठे झाले. जयवंताबाई बाकावर बसल्या होत्या आणि दाराच्या फटीतून दिसणाऱ्या एका इवल्या पायाकडे बघत होत्या. पाय हलला की त्या श्वास घ्यायच्या. शेवटी आतून नर्सचा आवाज आला, "मॅडम, बाळानं शू केली!" आणि बाईंनी पदर तोंडाला लावला.

"ताप उतरतोय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "घरी न्या. खोली थंड पाहिजे. पाजत राहा. रात्री पुन्हा ताप चढला, दूध सोडलं, तर वेळ न बघता इथं आणायचं, भरती करू."

रेल्वे पुलाखाली ऑटो थांबला तेव्हा दामिनी बोलली.

"पाखरासाठी?"

"शेवगा मी तोडला होता ना वं. त्याईची जागा..."

"माह्यासाठी शेवगा तोडला, अन् पाखरासाठी माही पोट्टी भाजली. वा रे आई! मले सांगतलं असतं तं मी काय दगड मारला असता त्याईले?" ऑटोवाल्यानं आरसा वर केला. "रोज फोनवर मलेच सांगत होती ना, वकील आला, वकिलीण आली. मंग हे काहून लपवलं?"

"तू बाळंतीण. तुहा जीव लेकरात. तू म्हटलं असतं काढ, तं काढावं लागलं असतं."

"अन् काढावंच लागते आता," दामिनी म्हणाली. "घरी गेल्याबरोबर."

घरी गेल्याबरोबर बाई मागच्या आंगणात गेल्या. ऊन कलतं होतं, भिंतीची सावली कूलरवर आली होती, तरी पत्रा चटका देत होता. त्यांनी पदर हाताला गुंडाळला, वरच्या खिट्ट्या फिरवल्या आणि मागचा पत्रा गवतासकट, घरट्यासकट उचलला. आत चार चोची एकदम उघडल्या. वकीलसाहेब कुठून तरी बाणासारखे आले आणि बाईंच्या कानाशी फडफडून गेले. त्यांनी मान हलवली नाही. पत्रा तिरका झाला असता, तर घरटं सटकलं असतं. लोखंडी स्टूल त्यांनी आधीच, मुंगळे चढू नयेत म्हणून भिंतीपासून सुटं, सावलीत मांडलं होतं. त्यावर पत्रा उभा करून सुतळीनं स्टुलाला घट्ट बांधला. घोडीखालच्या वाट्या काढून स्टुलाच्या पायांखाली ठेवल्या. कूलरच्या उघड्या पाठीवर भिजवलेलं पोतं अडकवलं, उरलंसुरलं पाणी टाकीत ओतलं आणि प्लग लावला.

कूलर आधी घरघरला, मग जोरात सुटला. खोलीत ओल्या पोत्याचा वास भरला. दामिनीनं लेकराला झोताच्या बाजूला, अंगावर थेट वारा येणार नाही असं निजवलं, आणि थोड्या वेळानं तान्हीनं चुळबुळ करून तोंड उघडलं. ती रडली. त्या रडण्याइतकं गोड त्या घरात कोणी काही ऐकलं नव्हतं. दामिनीनं तिला पदराखाली घेतलं.

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. तिथून स्टूल दिसत होतं.

वकिलीण अळी घेऊन आली. सवयीनं कूलरकडे गेली, पोत्यापाशी थरथरली आणि मागं फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. कूलरच्या आवाजात पिल्लांची चिरचिर तिला ऐकू जात नव्हती, बाईंनाही जात नव्हती. स्टूल तिच्यापासून दोन हातांवर होतं आणि ती तिकडे बघतच नव्हती. वकीलसाहेब तारेवर शेपूट आपटत चर्र चर्र करत होते. दिवसभर उन्हात तापलेली ती पिल्लं उपाशी किती तग धरतील? वकिलीण तारेवर बसली. जरा वेळ बसली. मग तिनं अळी स्वतःच गिळून टाकली आणि लिंबापलीकडे निघून गेली.

जयवंताबाईंनी खिडकीचा गज धरला. हाताला पत्र्याचा चटका बसला होता, तो आता ठणकायला लागला.

"आली का?" मागून दामिनीनं विचारलं. ती लेकराला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड अजून ताठच होतं.

"आली. गेली. आवाजानं तिले कायी समजून नाही राहिलं."

दामिनीनं लेकराच्या मानेला हात लावून पाहिला. पोटाला लावला. मग खोलीत गेली, आणि कूलर बंद झाला.

"दामे, नको!" बाई धावल्या. "लाव तो. डॉक्टरनं सांगतलं ना."

"खोली थंड हाये अजून. पोट्टी पिऊन निजली. ती गरम व्हायला लागली की मी लावीन, मंग तुह्या वकिलिणीचं काय व्हायचं ते होवो." ती पलंगाच्या कडेला बसली, एक हात लेकराच्या पोटावर, दुसरा बटणावर. "तोवर पाह्य तू."

आंगण एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात स्टुलावरून आवाज आला, सुईसारखा बारीक. एकच. मग दुसरा.

वकिलीण लिंबाच्या फांदीवर आली. मान वाकडी केली. जमिनीवर उतरली, दोन उड्या मारल्या, स्टुलाच्या वाटीच्या काठावर बसून पाणी प्यायली. बाईंच्या मनात आलं, झालं, पाण्यासाठीच आली. पुन्हा चिरचिर झाली. वकिलीण उडून पत्र्याच्या वरच्या कडेला बसली. बाईंच्या हाताचा वास असलेल्या त्या कडेवर. वाकून तिनं वाकलेली पट्टी पाहिली, तीच, रोजची, आणि आत शिरली.

"गेली," बाई कुजबुजल्या.

"रिकामी का अळी घेऊन?"

"रिकामीच. पण गेली."

लगेच ती बाहेर आली आणि लिंबाकडे सुटली. परत आली तेव्हा चोच भरलेली होती. मागोमाग वकीलसाहेबही आले. दामिनीनं लेकराच्या पाठीखाली हात घातला. पाठ ओलसर लागली.

"लावते आता," ती म्हणाली.

"लाव."

कूलर सुटला. दोन्ही पाखरं दचकून तारेवर गेली. बाई बघत राहिल्या. पंख पुसले, शेपट्या हलल्या, आणि वकिलीण त्या घरघराटातच पत्र्यावर उतरली. तिला जागा माहीत झाली होती.

संध्याकाळी बाईंनी उजेडात पाहिलं तर चोची तीनच होत्या. चौथं पिल्लू घरट्याच्या कडेला मान टाकून पडलं होतं. त्यांनी ते लिंबाच्या आळ्यात पुरलं. आत येऊन हात धुतले आणि लेकराजवळ बसल्या, पण हात लावायच्या आधी लेकीकडे पाहिलं. दामिनीनं नाही म्हटलं नाही, घे असंही म्हटलं नाही. मोबाइल वाजला. पडद्यावर सागरचं नाव होतं.

"तूच सांग त्याईले," दामिनी म्हणाली आणि मोबाइल आईपुढं धरला. "सगळं सांग. शेवग्यापासून."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि हिरवं बटण दाबलं.

"बापू," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं अशी कोनतीच रीत नाही."